भरती नसलेलं गाव

प्रयोगाचं रीडिंग चुकलं तर काय करायचं, हे मला शाळेत असतानाच शिकवलं गेलं होतं. आधी पुस्तकातलं उत्तर बघायचं, तिथून उलटं गणित करत मागे यायचं आणि जे रीडिंग यायला हवं होतं ते जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात लिहायचं. शेवटचे एक-दोन आकडे जरा इकडेतिकडे ठेवायचे, म्हणजे खरं वाटतं. या विद्येला आम्ही ‘जुळवणं’ म्हणत असू. मी तिच्यात इतका तरबेज होतो, की बी.एस्सी.ला माझ्या लंबकाने गुरुत्वत्वरण बरोब्बर ९.८ दिलं, आणि तो लंबक दोरा तुटल्यामुळे आठवडाभर कपाटात पडून होता.

पुढे मीच शिक्षक झालो. मी दिगंबर गोंजारी, माण तालुक्यातल्या बोरजाईवाडीच्या विद्यालयात सव्वीस वर्षं विज्ञान शिकवतोय. गाव खडकाळ, समुद्रापासून चांगलं दूर. आमच्या शाळेतल्या निम्म्या मुलांनी समुद्र फक्त चष्म्यात पाहिलेला.

हा चष्मा म्हणजे आभासी प्रयोगशाळेचा. तो डोळ्यांवर चढवला की ज्वालामुखीच्या तोंडात उतरता येतं, रक्तातून पोहता येतं. पहिलं वर्षभर मुलं वेडी झाली होती. दुसऱ्या वर्षी मी एका रांगेतले चष्मे काढून पाहिले, तर आत चौघं गाढ झोपलेले. चष्म्यातला लंबक कधी चुकत नसे, तिथलं आम्ल कधी सांडत नसे. जे होणार ते ठाऊक असलेलं किती दिवस बघायचं?

म्हणून सरकारने ‘प्रत्यक्ष’ नावाची योजना काढली आणि राज्यातल्या बारा हजार शाळांना एकेक गुरुत्वपेटी मिळाली.

पेटी जेवणाच्या चार पुडी डब्याएवढी. पण आतलं काम असं, की पूर्वी त्याला अख्खी खोली लागायची. एका काचेच्या नळीत रुबिडियम नावाच्या धातूचे थोडे अणू असतात. लेझरचे किरण त्यांना सगळीकडून दाबून धरतात, त्यांची धावपळ थांबवतात. अणूंची धावपळ थांबली म्हणजे ते गार झाले, इतके गार की अवकाशातही तेवढी थंडी नसेल. मग लेझर क्षणभर बंद होतो आणि ते अणू खाली पडतात, हातातून सुटलेल्या बोरासारखे. पडताना त्यांचा वेग कसा वाढला, ते दुसरा लेझर मोजतो. झालं. पृथ्वी त्या जागी किती जोराने ओढते, ते पेटीच्या पडद्यावर उमटतं, दशांश चिन्हापुढे आठ आकड्यांपर्यंत. मी सव्वीस वर्षं फळ्यावर ९.८ लिहून पुढे जात होतो. पेटीला एवढ्याने भागत नव्हतं.

योजनेतली आणखी एक गोष्ट मला तेव्हा खुळचट वाटली होती. पेटी स्वतःहून आकडा कुठे पाठवत नसे. मुलांनी तो डोळ्यांनी वाचायचा, हाताने जर्नलमध्ये लिहायचा, शाळेच्या टॅबमध्ये भरायचा आणि मग विज्ञानशिक्षकाने ‘मान्य’ हे बटण दाबायचं. या सगळ्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. पहिल्या दिवशी मी हजर होतो. दुसऱ्या दिवशी जेवणापुरता होतो. माहितीपुस्तिका मी खराब होऊ नये म्हणून प्लास्टिकसकट कपाटात ठेवली.

नोव्हेंबरात पेटीचं उद्घाटन झालं. संस्थेचे अध्यक्ष तात्या काटकर फेटा बांधून आले. नारळ फुटला, पेटीला हळदकुंकू लागलं आणि सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तात्यांच्या शुभहस्ते बटण दाबलं गेलं. पडद्यावर आकडा आला: ९.७८३६१२४७. टाळ्या पडल्या. आमच्या मुख्याध्यापिका चौगुले मॅडमनी तो आकडा फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रंगीत खडूने लिहवून घेतला, भोवती वेलबुट्टी काढवली आणि खाली सूचना लिहिली: पुसू नये.

तिथेच घोळ झाला. तात्यांच्या हातून आलेला आकडा, फळ्यावर वेलबुट्टीत बसलेला. आता तो चूक कसा असेल?

*

मुलं मात्र पेटीवर तुटून पडली. चष्म्यात झोपणारी चौकडी सुट्टी टाळून रांगेत उभी राहू लागली. पेटी हातात धरायला मिळते, ती नीट सपाट ठेवावी लागते, श्वास रोखून थांबावं लागतं आणि काय येणार ते ठाऊक नसतं, याची त्यांना काय ती मजा! माझा तास आवडता होण्याची ही सव्वीस वर्षांतली पहिलीच वेळ. मी घरीसुद्धा शीळ घालत जायला लागलो होतो.

पेटीची किल्ली शमा मुलाणीकडे होती. शमा दहावीत, शालेय मंत्रिमंडळात विज्ञानमंत्री. मंत्रिपद तिने खरंच मनावर घेतलं होतं. टॅबवर प्रत्येक नोंदीखाली ‘नोंदकर्ती: शमा मुलाणी’ असं तिचं नाव जायचं, आणि ते उमटलेलं बघताना तिचा चेहरा फुलायचा.

दुसऱ्याच आठवड्यात ती पेटीपाशी उभी राहून म्हणाली, “सर, आकडा बदललाय.”

“कुठं?”

“सहाव्या घरात. दोन हुता, एक झालाय.”

“टेबलाला हात लागला असेल.”

“न्हाई लागला, सर.”

“मग श्वास लागला असेल तुझा.”

वर्ग हसला. मीही हसलो. मग सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. पृथ्वी तीच, शाळा तीच, टेबल तेच. मग ओढ रोज वेगळी कशी येईल? पहिले सहा आकडे फळ्यावरचे घ्या, शेवटचे दोन जरा कमीजास्त असले तरी चालतील. मुलं शहाणी होती. त्यांना जुळवणं शिकवावं लागलं नाही, आपसूक आलं. संध्याकाळी सगळ्या नोंदी एका माळेत ओवल्यासारख्या दिसल्या आणि मी समाधानाने ‘मान्य’ दाबलं.

शमाची एकटीची नोंद बेसूर, म्हणून ती मी टॅबमध्ये भरू दिली नाही. ९.७८३६१११८. तिच्या जर्नलमध्ये मी तांबड्या शाईने लिहिलं, ‘पुन्हा लिहा.’ पुढच्या आठवड्यात तिचा आकडा निराळाच, आणि तोही चूक. पुन्हा ‘पुन्हा लिहा’. असं चारदा झालं, तेव्हा मी तिला वर्गासमोर उभं केलं.

“शमा, सगळ्या वर्गाचं बरोबर येतं आणि तुझं एकटीचं चुकतं. मग चूक कुणाची?”

तिने फळ्यावरच्या वेलबुट्टीकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं.

“माझीच असंल, सर.”

पोरगी समजूतदार आहे, असं मला तेव्हा वाटलं. आज ते आठवलं की स्वतःचाच कान पिळावासा वाटतो.

त्यानंतर तिने जर्नलमध्ये फळ्यावरचा आकडा लिहायला सुरुवात केली. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिने किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. “दुसऱ्या कुणाला तरी करा मंत्री,” म्हणाली. त्याच दिवशी अकरावीचे पसंतीअर्ज माझ्याकडे सहीला आले. शमाने विज्ञान शाखा खोडून कला शाखा लिहिली होती. कारणाच्या रकान्यात एवढंच होतं: ‘प्रयोगाला हात चांगला नाही.’

मी सही केली. पेन एकदा अडखळलं, नाही असं नाही. पण केली.

*

पंधरा दिवसांनी पत्र आलं. पुण्यातल्या ज्या संस्थेत सगळ्या पेट्यांच्या नोंदी गोळा होत होत्या, तिथल्या डॉ. शाल्मली दाते स्वतः बोरजाईवाडीला यायच्या होत्या. ‘बारा हजार शाळांत आपल्या शाळेच्या नोंदी एकमेव आहेत,’ असं पत्रात होतं. खाली बारीक अक्षरात योजनेच्या अटी होत्या. त्या नेहमीप्रमाणे कुणी वाचल्या नाहीत.

“एकमेव म्हंजे पहिला नंबर,” तात्यांनी निकाल देऊन टाकला. मग काय विचारता! मैदानात रांगोळ्या, व्यासपीठावर शाल आणि श्रीफळ, चौगुले मॅडमचा नवा काठपदर, माझा इस्त्रीचा कोट. मी भाषणही लिहून काढलं. विषय होता, ‘अचूकता: माझा ध्यास.’

डॉ. दाते दुपारी बाराच्या सुमारास आल्या. वय तिशीच्या आसपास, पायात धुळीचे बूट, पाठीवर भलंमोठं गाठोडं. शाल त्यांनी खांद्यावर घेतली न घेतली तोच विचारलं, “प्रयोगशाळा कुठंय?” आत येऊन त्यांनी आमच्या भिंतीवर नकाशा उजळला. महाराष्ट्र, आणि त्यावर बारा हजार ठिपके.

“बघा हं,” त्या म्हणाल्या आणि नकाशा चालू झाला.

गोंदियाकडे ठिपके निळे होऊ लागले. तो निळा रंग हळूहळू विदर्भातून मराठवाड्यात सरकला, मग आमच्या बाजूला, मग कोकणात. त्याच्यामागून पिवळा रंग निघाला. पुन्हा निळा, पुन्हा पिवळा. सगळं राज्य संथपणे श्वास घेत होतं.

“हे काय वो?” तात्यांनी विचारलं.

“भरती-ओहोटी. जमिनीची.” त्यांनी टेबलावर बसूनच सांगायला सुरुवात केली. “चंद्र समुद्राला ओढतो, हे आपण सगळे शिकतो. पण तो जमिनीला कसा सोडेल? तिलाही ओढतोच. सूर्यही ओढतो. आपल्या पायाखालची जमीन रोज दोनदा वीत-दीड वीत वर उचलली जाते आणि खाली बसते. घरं, झाडं, आपण, सगळेच तिच्याबरोबर वरखाली होतो, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. चंद्र डोक्यावर असला की आपलं वजन मोहरीच्या एक-दोन दाण्यांएवढं कमी भरतं. पेटीच्या सहाव्या-सातव्या आकड्यात ते दिसतं. मुलांना ते आपणहून सापडावं, म्हणून तर ही योजना. पुस्तिकेच्या शेवटच्या प्रकरणात सगळं दिलंय, तुम्ही वाचलंच असेल.”

मी मान हलवली. कुठल्या दिशेने हलवली ते मलाच आठवत नाही. माझ्या पायाखालची जमीन तेव्हा वीत-दीड वीत नाही, चांगली पुरुषभर खाली गेली होती.

“आणि आता हे.” त्यांनी नकाशाचा एक भाग मोठा केला. निळ्या-पिवळ्या ठिपक्यांच्या मधोमध एक काळा ठिपका. बाजूचं सगळं हलत होतं, तो ढिम्म. “हे बोरजाईवाडी. दोन महिने झाले, इथे भरती नाही. आधी वाटलं, पेटी बंद पडली असेल. पण शेवटचे दोन आकडे बदलतात, म्हणजे पेटी चालू आहे. असं जगात कुठेही नाही. मी तीन आठवडे दुसरं काही केलेलं नाही. तुमच्या गावाखाली असं काहीतरी आहे, जे कुठल्याही पुस्तकात नाही. सोमवारी खोदाईचं यंत्र येतंय. जपानहून दोघं यायला निघालेत.”

तात्यांची छाती फुगली. “म्हंजे आमचं गाव चंद्रालाबी दाद देत न्हाई म्हना की!” ते लगेच बाहेर जाऊन माइकवरून तसं सांगूनही आले. मैदानात हलगी वाजली.

चौगुले मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. चहाच्या निमित्ताने त्यांनी मला व्हरांड्यात ओढलं.

“सर, जुळवलंत का?”

“जुळवलं.”

“सगळं?”

“सगळं. शेवटचे दोन सोडून.”

त्यांनी पदराने कपाळ टिपलं. पत्रातल्या अटी त्यांनी आत्ता वाचल्या होत्या. खोट्या नोंदी आढळल्या, तर पेटी प्रतीक्षायादीतल्या पुढच्या शाळेला जाणार. “लेकरं कशी नाचतात त्या पेटीपुढं, बघताय ना? ती गेली तर पुन्हा चष्मेच.” मग त्या हळूच म्हणाल्या, “असं करा. मुलांच्या हातून चुका झाल्या, म्हणून सांगा. मुलांना कोण काय म्हणणार?”

मॅडम वाईट नाहीत. शाळेसाठीच बोलत होत्या. आणि खरं सांगतो, चहाचा कप संपेपर्यंत मी तो विचार केला. फार सोपं होतं. नोंदीखाली माझं नाव कुठेच नव्हतं. मग आठवलं, कुणाचं होतं. जानेवारीपर्यंतच्या प्रत्येक खोट्या आकड्याखाली स्वच्छ अक्षरात: नोंदकर्ती शमा मुलाणी.

मी कप खिडकीत ठेवला आणि भर कार्यक्रमातून, इस्त्रीच्या कोटात, गावात चालत निघालो.

*

शमा त्या दिवशी शाळेत आलीच नव्हती. घराच्या ओसरीवर तिच्या आईचं शिलाई मशीन होतं आणि शमा त्यावर बसून उशीचे अभ्रे शिवत होती. मला बघून ती उठली. तिची आई नसीमभाभी पाणी घेऊन आल्या.

“सर, हिनं काय केलं का?”

“नाही भाभी. मी केलं.”

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. जमिनीची भरती, काळा ठिपका, जपानचे दोघं. शमा ऐकत होती.

“म्हंजे आकडा बदलत हुता?” तिने विचारलं.

“रोज बदलत होता. तुझं बरोबर होतं, शमा. वर्गात एकटीचं तुझंच बरोबर होतं आणि मी तुला सगळ्यांसमोर चूक ठरवलं. माझं चुकलं.”

एवढं बोलायला मला सव्वीस वर्षं लागली असं वाटलं. ती आत गेली, आणि मला वाटलं आता ही बाहेर येत नाही. नसीमभाभींनाही तसंच वाटलं असावं. त्या म्हणाल्या, “दोन आठवडं झालं, नीट जेवत न्हाई ही.” मी पाण्याचा पेला नुसता हातात धरून बसलो.

शमा बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक कच्ची वही होती. मागची पानं कोरी राहिलेली, जुनी.

“मी माझी चूक शोधत हुते,” ती म्हणाली.

मी वही उघडली. पहिली नोंद एक डिसेंबरची. शाळा भरायच्या आधी, मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर, दिवसातून तीनदा तिने पेटी लावली होती. प्रत्येक आकड्यापुढे वेळ. आणि पुढे रकानेच रकाने. पंखा चालू की बंद. खिडकी उघडी की मिटलेली. टेबलाशी किती जण. चप्पल घातलेली की काढलेली. एका रकान्याचं नाव होतं ‘रोजा’.

“हे काय?”

“डिसेंबरात रमजान हुता ना. उपाशी असलं की माझा हात थरथरतो का, म्हणून लिवलं. न्हाई थरथरत. रोजा असू दे, नसू दे, आकडा बदलतोच.”

शेवटचा रकाना तिने नंतर जोडलेला दिसत होता. त्यात रोज एक छोटं चित्र होतं. बारीक कोर, जाड कोर, अर्धा गोल, पुरा गोल.

“आमी रमजानला रोज चंद्र बघतो. चित्रं सहज काढली हुती.” तिने पान माझ्याकडे वळवलं आणि बोट ठेवलं. आता तिचा आवाज बदलला होता. “पन सर, हितं बगा. चंद्र पुरा असला नायतर अजिबात नसला, की दिवसभरात आकडा लई नाचतो. अर्धा असला की थोडाच. मला वाटलं, आता चंद्राचा काय संबंध! सरांना सांगितलं तर परत सगळी हसतील. म्हणून किल्ली दिली तुमाला.”

एकशे सात नोंदी होत्या. माझ्या शाळेत, माझ्या कपाटातल्या पुस्तिकेतलं शेवटचं प्रकरण एका मुलीने न वाचता स्वतःच लिहून काढलं होतं, आणि वर मी तिला ‘पुन्हा लिहा’ म्हणत होतो. माझे डोळे भरून आले. लपवायला गेलो नाही.

“चल माझ्याबरोबर,” मी म्हणालो. “नको वाटत असेल तर नको येऊस, नुसती वही दे. पण आलीस तर बरं वाटेल.”

तिने आईकडे पाहिलं. नसीमभाभींनी तिच्या डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि म्हणाल्या, “जा की. आन् येताना जेवून ये, तिथं शिरा केलाय म्हनं.”

*

प्रयोगशाळेत डॉ. दाते आपली उपकरणं मांडत होत्या. तात्या, चौगुले मॅडम, दारात दहावीचा वर्ग. माझ्या खिशात ‘अचूकता: माझा ध्यास’ तसंच होतं. मी थेट फळ्याकडे गेलो, डस्टर उचललं आणि कोपऱ्यातला आकडा पुसला. वेलबुट्टीसकट.

“आरं आरं!” तात्या ओरडले. “माझा आकडा!”

“तात्या, तुमचा आकडा खरा होता. पण फक्त त्या दिवसापुरता, अकरा वाजून वीस मिनिटांचा.” मग मी डॉ. दात्यांकडे वळलो. “मॅडम, खोदाईचं यंत्र परत पाठवा. गावाखाली काही नाही. जे काय आहे ते माझ्या डोक्यात होतं. मुलांनी आकडे जुळवले, कारण मी तसं शिकवलं. शेवटचे दोन खरे वाटावेत म्हणून बदलायलाही मीच सांगितलं. नाव या मुलीचं आहे, पण काम माझं.”

डॉ. दाते खाली बसल्या. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला त्यांचीच दया आली.

“सर,” त्या म्हणाल्या, “मुलं चुकणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. कुणाचा हात लागेल, कुणी आकडा उलटा लिहील. बारा हजार शाळांतल्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात, काही बिघडत नाही. जुळवलेलं मात्र कशानेच जात नाही. जपानला मी काय सांगू आता?”

“हे सांगा,” मी म्हणालो, आणि शमाची वही त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. ‘रोजा’ रकान्यापाशी थांबल्या, चंद्राच्या चित्रांपाशी थांबल्या. मग टॅब पुढे ओढला. “तू वाच,” त्या शमाला म्हणाल्या, “मी भरते.”

शमा वाचत गेली. आधी पुटपुटत, मग नीट, मग दारातल्या वर्गाला ऐकू जाईल असं. भिंतीवर एकेक बिंदू उमटत होता. वीस झाले, तीस झाले, आणि मुलांना दिसू लागलं. बिंदूंची रांग वर चढत होती, उतरत होती. अमावास्येकडे तिची उडी मोठी होई, अर्ध्या चंद्राला लहान. मग डॉ. दात्यांनी नकाशा लावला. गोंदियाकडून निळी लाट निघाली, सरकत सरकत आमच्या बाजूला आली आणि काळा ठिपका निळा झाला. बाजूच्या ठिपक्यांबरोबरच, एक क्षणही मागेपुढे नाही.

वर्गाने असा काही गलका केला की मैदानातल्या हलगीवाल्याला वाटलं आपल्यालाच हाक आली. तो परत वाजवायला लागला.

“म्हंजे आमाला भरती हाय?” तात्यांनी विचारलं.

“आहे.”

“मग बरं झालं,” तात्या म्हणाले आणि माइककडे गेले. ‘बोरजाईवाडीला आजपास्नं भरती चालू झालेली हाय,’ असं त्यांनी सगळ्या गावाला सांगितलं.

डॉ. दाते अजून भिंतीकडे बघत होत्या. “इथे एक बिंदू रांगेत नाही,” त्या म्हणाल्या. “तेवीस डिसेंबर, मधली सुट्टी. बराच वर गेलाय.”

शमाने वहीत पाहिलं. “त्या दिवशी टेबलाला माझा हात लागला हुता.”

“मग खोडला का नाहीस?”

“आकडा तसाच आला हुता ना,” शमा म्हणाली. “शेजारी लिवलंय बगा, हात लागला म्हणून.”

डॉ. दाते हसल्या, त्या दिवसात पहिल्यांदा. मग अटींचा कागद त्यांनी चौगुले मॅडमपुढे धरला. शाळेच्या नोंदी खोट्या निघाल्या तर पेटी जाणार, असंच त्यात होतं. “पण शाळेच्या खऱ्या नोंदी तर माझ्यापुढे आहेत. एकशे सात. बाकीच्या पुसून टाका. पेटी इथेच राहील, दोन अटींवर. ‘मान्य’चं बटण आजपासून विज्ञानमंत्र्यांकडे. आणि सरांनी प्रशिक्षण पुन्हा करायचं. हजेरीपट पाहिलाय मी. दोन्ही दिवस.”

“जेवणासकट?” मी विचारलं.

“जेवण तुम्ही मागच्या वेळी जेवलात.”

शमाचा पसंतीअर्ज माझ्या टेबलाच्या खणात होता. मी तो काढून तिला परत दिला आणि म्हणालो, की काय लिहायचं ते तूच ठरव, मी आता तुला काही लिहायला सांगणार नाही. तिने तो घडी करून वहीत ठेवला. संध्याकाळी शिरा खाऊन घरी जाताना मला आणून दिला. कला शाखा खोडलेली होती. आणि कारणाच्या रकान्यातली जुनी ओळ तशीच ठेवून तिने शेजारी लिहिलं होतं: ‘ही नोंद सरांचा हात लागल्यामुळे चुकली.’

दुसऱ्या दिवशी किल्ली परत घेऊन शमाने फर्मान काढलं, की सगळ्यांनी नव्याने सुरुवात करायची आणि पहिली नोंद सरांची. मी पेटी सपाट ठेवली, श्वास रोखला, बटण दाबलं. पडद्यावर आकडे उमटले. मी पेन उचललं, आणि आधी उत्तर बघायची सव्वीस वर्षांची सवय, माझी मान आपोआप फळ्याच्या उजव्या कोपऱ्याकडे वळली. तिथे आता नुसता काळा फळा होता.

“सर,” शेजारून शमा म्हणाली, “तिकडं न्हाई. पेटीकडं बगा.”

मी पेटीकडे पाहिलं आणि जे दिसलं ते लिहिलं. शमाने वाकून ते नीट तपासलं आणि ‘मान्य’ दाबलं.